लग्नात पाणी न पिणारा माणूस : एक प्रकरण अभ्यास

"ताई, हे लग्नात पाणी पेत नाहीत," एवढीच तक्रार घेऊन वहिनी नवऱ्याला दवाखान्यात घेऊन आल्या. नोव्हेंबर 2018 ची गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या दवाखान्यात मी तेव्हा महिन्यातले दोन गुरुवार समुपदेशनाला बसत असे. एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक वजनकाटा. काट्याला दुसरीकडे जागा नव्हती म्हणून तो माझ्याकडे. लग्नात पाणी न पिणं हा काही आजार नव्हे, असं सांगून मी त्यांना परत पाठवणारच होते. तेवढ्यात भाऊ, खुर्ची एकच रिकामी म्हणून, बाजूला सरकले आणि नकळत काट्यावर उभे राहिले. काटा 47 वर थांबला. साडेपाच फूट उंचीचा, 38 वर्षांचा शेतकरी, 47 किलो.

ओळख पटू नये म्हणून गाव, वय आणि शेतीचा काही तपशील मी बदलला आहे. लिहायला भाऊंचा होकार आहे, आणि लिहिलेलं त्यांना वाचूनही दाखवलं आहे.

त्या दिवशी कळलं ते असं. 7 एकर कोरडवाहू, त्यातली 4 एकर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, बाकी सोयाबीन आणि तूर. सप्टेंबर 2017 मध्ये पऱ्हाटीवर फवारणी चालू असताना पंप पाठीवर घेतलेला मजूर पोरगा वावरातच पडला. त्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते इथल्या माणसाला सांगायला नको: फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दवाखान्यात भरती होत होते, कित्येक दगावले. त्या साली पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, त्यामुळे फवारा खाली न बसता तोंडावर यायचा. चायना पंपाचा जोर जास्त, तुषार बारीक. दोन-तीन औषधं एकत्र कालवायची सवय सगळीकडेच. तोंडाला रुमाल असला तर असला. भाऊंकडचा तो पोरगा 11 दिवस भरती होता आणि वाचला. भाऊंनी स्वतः औषध कालवलं होतं, उघड्या हातानं, पऱ्हाटीच्या काडीनं ढवळून. दुपारी बेसन-भाकर खाल्ली, आणि संध्याकाळी त्यांनाही ओकाऱ्या सुरू झाल्या. दोन दिवसांत ते उठून बसले.

त्यानंतर औषधाचा वास आला की पोट ढवळायचं. पुढे दवाखान्यातल्या फिनाइलनं, मग नव्या प्लॅस्टिकच्या चटईनं. आणि शेवटी लग्नाच्या मांडवात ठेवलेल्या थंड पाण्याच्या कॅननं. पाणी नाही म्हणून जेवण नाही, जेवण नाही म्हणून जाणं नाही. गुरुवारच्या बाजारातही जात नव्हते. का, तर कोपऱ्यावर कृषी केंद्र आहे, तिथून वास येतो. गावात दोन मतं होती: बाहेरचं लागलं, किंवा नाटक करून राह्यले.

पहिली मांडणी

आधी शरीर. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी साखर, यकृत, थुंकी, सगळं तपासलं. काही निघालं नाही. मोनोक्रोटोफॉस किंवा प्रोफेनोफॉससारखी औषधं ॲसिटिलकोलिनेस्टरेज नावाचं विकर (एन्झाइम) अडवतात, मग नसांमधला निरोप संपतच नाही: लाळ गळते, डोळ्यांतून पाणी येतं, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, ओकाऱ्या होतात. ॲट्रोपिन देतात ते यासाठीच. पण 14 महिन्यांनंतर, तेही मांडवात कॅन दिसल्यावर होणारी ओकारी यात बसत नव्हती.

मग मी वर्तनवादाकडे, म्हणजे वागणं कसं शिकलं जातं ते पाहणाऱ्या विचाराकडे वळले, आणि खरं सांगायचं तर आनंदानं वळले. इतकं स्वच्छ प्रकरण पुस्तकाबाहेर क्वचितच भेटतं. जेवणाच्या चाहुलीनंच लाळ गाळणारा पाव्हलॉव्ह यांचा कुत्रा सगळ्यांना ठाऊक असतो. इथं त्याहून नेमका आधार होता तो मानसशास्त्रज्ञ जॉन गार्सिया यांचा. गार्सिया आणि कोलिंग यांनी 1966 मध्ये दाखवलं की उंदराला मळमळ झाली तर तो चवीला दोष देतो, दिव्याला किंवा आवाजाला नाही. आणि विजेचा झटका बसला तर उलट, दिव्या-आवाजाला घाबरतो, चवीला नाही. म्हणजे कुठलीही गोष्ट कुठल्याही गोष्टीशी सारख्याच सहजतेनं जोडली जात नाही. पोटाची गाठ पडते ती चवीशी आणि वासाशी, आणि मध्ये काही तास गेले तरी पडते. भाऊंना ओकारी झाली ती कालवल्यावर पाच-सहा तासांनी. पंप त्यांच्या दाराआड खुंटीला टांगलेलाच होता. त्याच्याकडे पाहून काही होत नव्हतं, पट्टा हातात घेतला तरी नाही. फक्त वास. आणि बेसन-भाकर? ती ते आजही रोज खातात. जन्मापासून तोंडात असलेल्या चवीवर असा आळ सहसा येत नाही, नवख्या वासावर लगेच येतो, आणि त्यातलं एक औषध त्या साली पहिल्यांदाच आणलेलं होतं.

एका वासाची धास्ती दुसऱ्या वासांवर पसरत जाणं हेही जुनं. वॉटसन आणि रेनर यांनी 1920 मध्ये 11 महिन्यांच्या अल्बर्टला पांढऱ्या उंदरामागे लोखंडी कांबेवर हातोडी आपटून घाबरवलं, आणि मग तो सशाला, कुत्र्याला, केसाळ कोटालाही भ्यायला लागला. (त्याची भीती घालवायचं मात्र राहूनच गेलं. हा प्रयोग शिकवताना मला दर वर्षी वर्गात त्या पोराच्या आईबद्दल प्रश्न येतो, आणि तो बरोबरच येतो.) भीती टिकते कशी, त्याचं उत्तर मावरर यांनी 1947 मध्ये मांडलं: टाळलं की सुटल्यासारखं वाटतं, आणि ते सुटणंच टाळण्याला बळ देतं. भाऊ प्रत्येक लग्न टाळून थोडे सुटत होते आणि थोडे अडकत होते.

फाइलमध्ये मी तीन पानं लिहिली. आज ती वाचताना मला तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी सांगितलेला एक किस्सा आठवतो. 1919 मध्ये त्यांनी मानसोपचारतज्ज्ञ ॲडलर यांना एका मुलाची हकिकत सांगितली. ॲडलर यांनी मुलाला न पाहताच तिची फोड केली. इतकी खात्री कशी, तर म्हणे हजार अनुभवांवरून. पॉपर म्हणाले, आता या नव्या प्रकरणासह तुमचे अनुभव एक हजार एक झाले असणार. माझी तीन पानं तशीच होती, फक्त ॲडलरऐवजी गार्सिया.

उपाय ठरला तो मानसोपचारतज्ज्ञ वोल्पे यांच्या 1958 च्या पद्धतीचा: शरीर सैल सोडायला शिकायचं आणि भीतीच्या पायऱ्या सगळ्यात खालच्यापासून चढायच्या. सैल सोडणं भाऊंना शिकवावं लागलं नाही. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला ते लहानपणापासून बसत आलेले. डोळे मिटून बसण्याची सवय अंगात होती. डिसेंबरअखेर फिनाइलचा बोळा हातभर अंतरावर ठेवून ते दोन मिनिटं बसू लागले. लाळ सुटायची, मान वळायची, मग बसायची. मी खूश.

झाकण

जानेवारीत मी एक नवी कोरी पांढरी कॅन आणली, घासून तीन दिवस उन्हात ठेवलेली. वास शून्य; मी स्वतः नाक आत घालून पाहिलं होतं. भाऊंनी ती मांडीवर घेतली, आत पाहिलं, हसले. मी पाणी भरलं आणि झाकण आवळलं. नव्या झाकणाचे आटे शेवटच्या फेऱ्याला कटकट वाजतात, तसे वाजले.

भाऊ उठून उभे राहिले. चेहऱ्यावर घाम, हात थरथरत होते. ओकारी नाही, मळमळसुद्धा नाही. "मी जातो ताई," म्हणाले आणि गेले. पायातल्या चपला टेबलाखालीच राहिल्या.

त्या संध्याकाळी एसटीत मला आपली चूक दिसली, आणि ती दाखवली त्याच गार्सियांनी. आवाज पोटाला चिकटत नाही. आवाज चिकटतो तो धोक्याला, बाहेरून येणाऱ्या माराला. म्हणजे फिनाइलची ओकारी आणि झाकणाचा थरकाप या एकाच दोरीच्या दोन गाठी नव्हत्याच. दोन वेगळ्या दोऱ्या एकमेकींत गुंतल्या होत्या, आणि मी पहिली सापडल्यावर दुसरी शोधलीच नव्हती. सिद्धान्त खोटा नव्हता. त्यानं मला जेवढे प्रश्न दिले तेवढेच मी विचारले: वास कधी येतो, किती वेळ, कशाचा. त्या दिवशी वावरात पोरगा पडल्यावर तुम्ही काय केलंत, हा प्रश्न अभिसंधानाच्या, म्हणजे एक गोष्ट दुसरीशी जोडली जाण्याच्या, प्रश्नावलीत येत नाही.

याच सुमारास माझ्या एका मानसतज्ज्ञ मित्रानं फोनवर ऐकून लगेच निदान केलं: बंद डबा म्हणजे दडपलेलं काहीतरी. मी हसले. फ्रॉइड यांच्या 1909 च्या छोट्या हान्सची गोष्ट मला या बाबतीत नेहमी आठवते. पाच वर्षांचा मुलगा घोड्याला भितो; फ्रॉइड म्हणतात, भीती खरं तर बापाची आहे. 1960 मध्ये वोल्पे आणि रॅकमन यांनी तीच हकिकत पुन्हा वाचली आणि म्हणाले, अहो, पोरानं गाडीचा घोडा पडताना पाहिला होता, तेवढं पुरे आहे. माहिती एकच, अर्थ दोन. पण हसताना मी एक गोष्ट विसरले होते: मित्राचा अंदाज हवेतला असला तरी त्यानं बोट ठेवलं होतं ते झाकणावरच.

सोले

पुढच्या गुरुवारी भाऊ आले नाहीत. चपला घेऊन मी त्यांच्या घरी गेले. अंगणात वहिनी हिरव्या तुरीच्या शेंगांचा ढीग घेऊन सोले काढत बसल्या होत्या, मीही बसले. थोड्या वेळानं भाऊ आले, समोर बसले आणि शेंगा सोलू लागले. मी काही विचारलं नाही. याला मानसशास्त्रज्ञ रॉजर्स यांचं, न टोकता ऐकून घेण्याचं तंत्र म्हणायचं तर म्हणा. खरं म्हणजे काय विचारावं ते मला सुचत नव्हतं. वहिनी सोले घेऊन चुलीकडे गेल्या तेव्हा भाऊ शेंगांकडे पाहतच बोलले.

"डॉक्टर म्हणत होते डबा आणा. कोन्तं औषध मारलं ते पाहू द्या. म्या आणला नाही."

दुकानदाराच्या सांगण्यावरून त्यांनी दोन औषधं आणि वर एक टॉनिक कालवलं होतं. पोरगा दवाखान्यात, गावात पोलीस येणार अशी आवई. भाऊंनी डॉक्टरांना एकाच औषधाचं नाव सांगितलं. रात्री दुसऱ्याचा डबा घेतला, त्यात गोटे भरले, तरंगू नये म्हणून, झाकण घट्ट आवळलं आणि धुऱ्याजवळच्या पडक्या विहिरीत सोडला.

"आवळतानी आवाज होते न त्याचा. रात्री लय मोठा वाटते."

बाजाराचाही उलगडा तेव्हाच झाला. कृषी केंद्राचा वास खरा होता, पण त्याच रांगेत पोराची माय भाजी घेऊन बसते.

बिनशर्त स्वीकार, समानुभूती आणि सच्चेपणा या गोष्टी समुपदेशकात असाव्याच लागतात, असं रॉजर्स यांनी 1957 मध्ये लिहिलं. त्या अंगणात माझ्याकडे त्यातला सच्चेपणा तेवढा होता. मला राग आला. माझ्या डोळ्यांसमोर तो 24 वर्षांचा पोरगा आला, आणि बाहुल्यांवर बॅटरी टाकून "कोणतं औषध?" विचारणारा डॉक्टर. भाऊंनी तो राग माझ्या चेहऱ्यावर पाहिला. म्हणाले, "मले बी असंच वाटते." नंतरच्या सगळ्या बैठकांपेक्षा हे एक वाक्य मला मोलाचं वाटतं.

भाकरी

फेब्रुवारीत आम्ही बोधनिक पद्धतीनं, म्हणजे मनातले विचार तपासून, काम केलं. आरन बेक यांच्या परंपरेत अतिरेकी जबाबदारीच्या भावनेसाठी एक साधा उपाय वापरतात: गोल काढायचा आणि दोषाचे वाटे पाडायचे, स्वतःचा वाटा सगळ्यात शेवटी. मी कागदावर भाकरी काढायला सांगितली. भाऊंनी आधीच अर्धी स्वतःची म्हणून तोडली. मी ती पुसायला लावली. मग एकेक नाव आलं: दुकानदार, चायना पंप, त्या दिवशीचा वारा, पऱ्हाटीची उंची, न मिळालेला चष्मा आणि हातमोजे, पोरानंच "होते न भाऊ, मारतो" म्हणत काढून ठेवलेला रुमाल. शेवटी चतकोर उरली.

हे सगळं खरंच आहे. माणसाच्या वागण्याचं कारण त्याच्या आत शोधायची आणि परिस्थिती नजरेआड करायची सवय माणसाला किती घट्ट आहे, ते सामाजिक मानसशास्त्र सांगत आलं आहे. ली रॉस यांनी 1977 मध्ये तिला मूलभूत आरोपण दोष असं नाव दिलं. कुर्ट लेविन तर त्याही आधी, 1936 मध्ये, वर्तन हे व्यक्ती आणि परिस्थिती दोघांचं मिळून असतं असं सूत्रच लिहून गेले. गाव भाऊंना नाटकी म्हणत होतं, मी त्यांना अभिसंधित म्हणत होते. दोघांनीही त्या 4 एकरांतली डोक्याच्या वर गेलेली पऱ्हाटी धरली नव्हती.

भाऊ चतकोरीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "फवारणीचं चतकोर बरोबर हाय ताई. मान्य. पण डब्याचं काय? डबा तं म्या एकट्यानं फेकला. त्याची भाकर कोनासंगं वाटू?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. बोधनिक उपचार चुकीचा विचार दुरुस्त करतात. हा विचार चुकीचा नव्हताच. मी वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून आले. ते म्हणाले, नाव कळलं तर मदत होते, पण अशा वेळी उपचार मुख्यतः लक्षणं पाहून करतात, आणि पोरगा वाचला तो त्यामुळेच. हे मी मोठ्या उत्साहानं भाऊंना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "सायबाले विचारलं ते बरं केलं. पण त्या रात्री मले कुठं मालूम होतं?"

इथं मानसशास्त्राची हद्द संपते की माझी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. अपराधी वाटणं हे लक्षण समजून घालवायला जावं अशी आमच्या धंद्याची सवय आहे. भाऊंचं ते वाटणं जागेवर होतं. त्याला हात लावू नये असं मी ठरवलं, आणि फाइलमध्ये "उपचारांचं उद्दिष्ट" या रकान्यात भाऊंचे शब्द जसेच्या तसे लिहिले: मांडवात पाणी पेता आलं पायजे, बाजारात जाता आलं पायजे.

औषधाच्या वासाचंही तेच. वोल्पे यांच्या पायऱ्या चढत गेलो असतो तर कदाचित भाऊ पुन्हा पंप पाठीवर घेऊ शकले असते. मी फिनाइल आणि कॅनपाशी थांबले. उघड्या हातानं विष कालवताना ज्याला ओकारी येते, त्याचं नाक बिघडलेलं आहे असं मला म्हणवत नाही. 2019 च्या हंगामात त्यांनी पऱ्हाटी दीड एकरावर आणली, बाकी सोयाबीन आणि तूर. फवारणीला वहिनींचा भाऊ येतो, चष्मा-हातमोजे घालून, आणि भाऊ तेव्हा गावात थांबतात.

पुढे

झाकणाचं काम सोपं निघालं. एकदा कुणाला तरी सांगून झाल्यावर त्यातली निम्मी दहशत गेलीच होती. उरलेली घरच्या डब्यांची झाकणं रोज दहादा आवळून-उघडून गेली. वहिनी वैतागल्या. एप्रिलमध्ये पुतणीच्या लग्नात भाऊंनी कॅनमधलं पाणी प्यायलं, पहिला घोट तोंडात धरून, मग गिळून. त्या महिन्यात वजन 53.

बाजारात ते मार्चमध्येच गेले होते. पोराच्या मायजवळून दहा रुपयांचा सांभार (कोथिंबीर) घेतला. तिनं विचारपूस केली, वाळले म्हणाली, आणि वरून एक जुडी टाकली. भाऊ ती जुडी घेऊन थेट माझ्याकडे आले. बाजाराचा दिवस आणि माझा दिवस एकच. जुडी टेबलावर ठेवली.

"तिले मालूम असन का?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. पोराला सांगायचं का, यावर आम्ही त्यानंतर तीनदा बोललो. पोरगा आता ट्रॅक्टर चालवतो, पंपाला हात लावत नाही. भाऊ एकदा सांगतो म्हणायचे, एकदा नको म्हणायचे. मी कुठलीच बाजू घेतली नाही, आणि ते योग्य होतं की नुसता सावधपणा, याची मला खात्री नाही.

मेच्या शेवटी त्यांचा फोन आला. विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं, म्हणून शेजाऱ्याकडून गळ आणून ते सकाळपासून टाकत होते. दोन बादल्या निघाल्या, एक पितळी गुंड (पाण्याचं भांडं) निघाला, कुणाचा ते गावात विचारणं चालू होतं. डबा काही लागला नव्हता. ऊन उतरलं की परत टाकतो म्हणाले.